अरब देशांतील बहुआयामी दारिद्र्य: मोजणीपासून अंदाजपत्रकापर्यंत

जागतिक बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक, म्हणजे उत्पन्नाऐवजी आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांतील वंचितता मोजणारे माप, जॉर्डनला लावला, तर २०१७-१८ च्या सर्वेक्षणानुसार जेमतेम ०.४ टक्के लोक गरीब ठरतात. तोच सुदानला लावला, तर २०१४ च्या आकडेवारीनुसार निम्म्याहून जास्त. गणित दोन्हीकडे बरोबर आहे. पण जॉर्डनच्या राजधानीत, अम्मानमध्ये बसून पुढच्या वर्षीचा खर्च आखणाऱ्याला ०.४ टक्क्यांतून काहीच हाती लागत नाही, कारण तिथली वंचितता या मापाच्या जाळीतून गळून जाते. म्हणून पहिले काम कागदावर एकच वाक्य लिहिण्याचे: या आकड्यावरून कोण, कोणता निर्णय, कोणत्या पातळीवर घेणार आहे? जिल्ह्यांना निधी वाटायचा असेल तर जिल्हावार आकडे लागतील, कुटुंबांना थेट मदत द्यायची असेल तर कुटुंबांची नोंदवही लागेल, आणि शेजारच्या देशांशी तुलना करायची असेल तर सामाईक निकष लागतील. तिन्ही कामे एकाच निर्देशांकावर ढकलली की एकही धड होत नाही.

कोणता साचा घ्यावा

बहुतेक ठिकाणी अर्थतज्ज्ञ सबिना अल्कायर आणि जेम्स फॉस्टर यांची पद्धत वापरतात. घरागणिक वंचितता मोजायच्या, प्रत्येकीला भार द्यायचा, बेरीज ठरावीक उंबरठ्याला पोहोचली की घर गरीब मानायचे. जागतिक निर्देशांक २०१० पासून याच पद्धतीने निघतो: आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान हे तीन आयाम, १० निर्देशक, उंबरठा एक तृतीयांश.

अरब देशांसाठी बैरुतच्या एस्क्वाने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या पश्चिम आशियासाठीच्या आर्थिक व सामाजिक आयोगाने, अरब लीग, युनिसेफ आणि ऑक्सफर्डच्या दारिद्र्य संशोधन केंद्रासोबत २०१७ मध्ये वेगळा साचा मांडला. निर्देशक १२ केले. त्यात घरातील दाटी आली, तसेच कमी वयातील गर्भारपण आणि मुलींची जननेंद्रिये कापण्याची प्रथा यांचा एकत्रित निर्देशक आला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक निर्देशकाला दोन पातळ्या ठेवल्या: तीव्र दारिद्र्य आणि साधे दारिद्र्य. घरात कुणाचेच प्राथमिक शिक्षण पूर्ण नाही ही तीव्र वंचितता. कुणाचेच माध्यमिक पूर्ण नाही ही साधी. या दोन पातळ्यांनी दहा देशांचे चित्र पालटले. तीव्र गरीब १३.४ टक्के होते, तर साध्या पातळीवर गरीब ४०.६ टक्के, म्हणजे सुमारे ११ कोटी ६० लाख माणसे. मॉरिटानिया, सुदान, येमेनसाठी पहिली पातळी बोलकी ठरते. ट्युनिशिया, जॉर्डन, इजिप्तसाठी दुसरी. २०२३ च्या दुसऱ्या अहवालात रचना बदलून पाच आयाम आणि १४ निर्देशक झाले, त्यामुळे दोन्ही अहवालांतील टक्केवारी शेजारी ठेवून प्रगती मोजू नये.

अशी चूक नेहमी होते. लेबनॉनचे पाहा. २०१९ साठी एस्क्वाचा आकडा ४२ टक्के होता. लेबनॉनच्या सांख्यिकी प्रशासनाने जागतिक बँकेसोबत २०१८-१९ च्या सर्वेक्षणावरून काढलेला राष्ट्रीय आकडा ५३.१ टक्के. देश तोच, काळ जवळपास तोच, मात्र निर्देशकांची यादी वेगळी. कुठलाही आकडा उचलताना त्याच्यासोबत निर्देशकांची यादी आणि उंबरठाही उचलावा.

राष्ट्रीय निर्देशांक बांधताना जागतिक साच्याला चिकटून राहण्याची गरज नाही. पॅलेस्टाइनच्या सांख्यिकी केंद्राने २०२० मध्ये सात आयाम घेतले, त्यात वैयक्तिक स्वातंत्र्य, सुरक्षितता आणि पैशातील दारिद्र्यही धरले. २०१६-१७ च्या सर्वेक्षणावरून एकूण २४ टक्के लोक गरीब निघाले: वेस्ट बँकमध्ये ११ टक्के, गाझात ४५ टक्के. हालचालींवरची बंधने जिथे रोजच्या जगण्याला विळखा घालतात, तिथे ती मापात यायलाच हवीत.

निर्देशकांची व्याख्या: इथेच खरे काम

आयाम ठरवायला एक बैठक पुरते. व्याख्या ठरवायला महिने लागतात, आणि ते द्यावेत.

वीज. ‘घरात वीजजोडणी आहे का?’ या प्रश्नाला लेबनॉनमध्ये जवळपास सगळे ‘हो’ म्हणतील. पण २०२१ मध्ये सरकारी वीज कित्येक भागांत दिवसाला एक-दोन तासच येत होती. बाकी वेळ गल्लीतल्या खासगी जनरेटरची वर्गणी, तीही अँपिअरच्या हिशोबाने: ५ अँपिअर घेणाऱ्याचा फ्रिज आणि दिवे चालतात, वर्गणी न परवडणाऱ्याचा अंधार. इराकमध्येही हेच जनरेटर. अशा ठिकाणी तीन प्रश्न विचारावेत: काल सरकारी वीज किती तास होती, जनरेटरची वर्गणी आहे का आणि किती अँपिअरची, सौर पॅनल असल्यास त्यावर काय चालते. वंचिततेची रेषा तासांवर आखावी, जोडणीवर आखू नये. येमेनमध्ये तर ग्रिडची जोडणी नसलेले, पण पॅनलवर दिवा आणि मोबाइल चालवणारे घर सरसकट वंचित धरायचे का, हे आधीच ठरवून लिहून ठेवावे. प्रगणकाने दारात उभे राहून ते ठरवता कामा नये.

पाणी. जॉर्डनमध्ये नळ जवळपास घरोघरी आहे, पण पाणी पाळीने येते. अम्मानमध्ये आठवड्यातून एखाद-दोन दिवस. छतावर टाक्या असलेल्या घराला त्याची झळ कमी बसते, एकच छोटी टाकी असलेल्या घराला टँकर घ्यावा लागतो. म्हणून नळ आहे की नाही यासोबत मागच्या आठवड्यात पाणी किती दिवस आले, साठवण किती घनमीटर आहे आणि टँकर विकत घेतला का, हे विचारावे.

सांडपाणी. इजिप्तच्या खेड्यांत संडास बहुतेक घरांत आहे, पण गटार नसेल तर मैला घराखालच्या शोषखड्ड्यात जातो. भूजल वर असलेल्या नाईल त्रिभुज प्रदेशात हा खड्डा लवकर भरतो, उपसायला पैसे लागतात आणि झिरपा विहिरींपर्यंत पोहोचतो. ‘स्वतःचा फ्लश संडास’ एवढीच व्याख्या केली तर हे घर सुटते. ‘गटाराला किंवा बंदिस्त टाकीला जोडलेला’ म्हटले तर पकडले जाते.

एखादा निर्देशक जवळपास सगळ्यांनाच लागू होत असेल तर तो गरीब-बिगरगरीब असा भेद दाखवू शकत नाही. इजिप्तच्या २०१४ च्या लोकसंख्या-आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांवर जननेंद्रिये कापण्याची क्रिया झालेली होती. हा निर्देशक एकटा ठेवला तर जवळपास प्रत्येक घर वंचित ठरते. काढून टाकला तर स्त्रियांवरचा अन्याय मोजणीतूनच गायब होतो. २०१७ च्या साच्यात तो कमी वयातील गर्भारपणाशी जोडला, त्यामागे ही अडचण आहे. तुमच्याकडे अशी पेचाची बाब असेल तर ती निर्देशांकाबाहेर ठेवूनही दर वेळी त्याच तक्त्यात शेजारी छापता येते. गप्प बसण्यापेक्षा ते बरे.

शिक्षणाच्या निर्देशकात आणखी एक खाच आहे. घरातला एक मुलगा माध्यमिक पूर्ण करतो आणि घरातले सगळे ‘वंचित नाहीत’ ठरतात, चौथीनंतर शाळा सुटलेल्या त्याच्या तीन बहिणींसकट. म्हणून मुख्य आकड्यासोबत ‘घरातील किमान एका स्त्रीचे माध्यमिक पूर्ण आहे का’ या पर्यायी व्याख्येने एकदा हिशोब करून पाहावा. दोन्ही निकालांत मोठा फरक पडत असेल तर तो अहवालात छापलाच पाहिजे.

माहिती गोळा करताना

सर्व निर्देशक एकाच घराचे, एकाच सर्वेक्षणातून यावे लागतात. आरोग्य एका सर्वेक्षणातून आणि शिक्षण दुसऱ्यातून घेऊन ही पद्धत चालत नाही, कारण कोणत्या घरावर कोणत्या वंचितता एकदम कोसळल्या आहेत हेच तर शोधायचे असते. अरब देशांत यासाठी युनिसेफचे बहुनिर्देशक समूह सर्वेक्षण, लोकसंख्या-आरोग्य सर्वेक्षणे आणि अरब लीगची कुटुंब आरोग्य सर्वेक्षणे वापरली जातात. राष्ट्रीय खर्च सर्वेक्षणात पोषण नसते, पण पैशातील दारिद्र्याशी तुलना करता येते. मोरोक्कोने जनगणना वापरली. त्यात आरोग्याची माहिती विरळ, पण कम्यून या स्थानिक प्रशासनाच्या छोट्या विभागापर्यंत आकडे मिळतात.

शाळेत जाण्याचा निर्देशक सर्वांत जास्त चुकतो. सर्वेक्षण जुलैत झाले आणि मुलाचे वय तेव्हा सहा पूर्ण असले, तरी मागच्या सप्टेंबरात तो पाचच वर्षांचा असू शकतो. त्याला ‘शाळाबाह्य’ मोजले की आकडा फुगतो. जन्मतारखेवरून शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीचे वय काढावे, आणि ‘आज शाळेत जातो का’ याऐवजी ‘या शैक्षणिक वर्षात कधीही गेला का’ हे विचारावे. उन्हाळी सुटीत पहिला प्रश्न निरर्थक ठरतो.

पोषणाचे मोजमाप सहसा पाच वर्षांखालील मुले आणि १५ ते ४९ वयाच्या स्त्रिया यांचेच होते. घरात असे कुणीच नसेल तर ते घर पोषणात वंचित नाही असे धरण्याचा प्रघात आहे. परिणामी एकट्या वृद्धांची घरे प्रत्यक्षापेक्षा कमी गरीब दिसतात. अशी घरे एकूण किती, हे आधी मोजून घ्यावे.

घराघरांचे सर्वेक्षण कुणाला वगळते याची यादी करावी: तंबूत फिरणारे मॉरिटानियातील भटके, लेबनॉनमधील सीरियन निर्वासितांच्या अनौपचारिक वस्त्या, आखाती देशांतील मजुरांच्या छावण्या. आणि सुदानसारख्या ठिकाणी, जिथे एप्रिल २०२३ पासून युद्धाने लाखो लोक घरदार सोडून गेले, तिथे जुन्या सर्वेक्षणाच्या आकड्यापुढे त्याचे वर्ष ठळक लिहावे. तो आजचा आकडा नव्हे.

हिशोब, पाच घरांवर

२०१७ च्या अरब साच्याचे भार असे: शिक्षणाचे दोन निर्देशक प्रत्येकी १/६, आरोग्याचे तीन प्रत्येकी १/९, राहणीमानाचे सात प्रत्येकी १/२१. संगणकावर हे अपूर्णांक दशांशात लिहू नका. १/२१ सात वेळा मिळवले की बेरीज एक तृतीयांशाच्या किंचित खाली राहू शकते आणि नेमके उंबरठ्यावरचे घर गळते. त्याऐवजी सगळ्याला १२६ ने गुणा: शिक्षण २१, आरोग्य १४, राहणीमान ६, उंबरठा ४२. पूर्णांकात चूक होत नाही.

समजा पाच घरे आहेत.

- पहिले, ४ माणसे: स्वयंपाकाचे इंधन आणि दाटी. ६ + ६ = १२.
- दुसरे, ५ माणसे: एक मूल शाळाबाह्य, शिवाय इंधन, घराची कच्ची जमीन-छप्पर, सांडपाणी. २१ + १८ = ३९.
- तिसरे, ६ माणसे: माध्यमिक कुणाचेच नाही, एक मूल शाळाबाह्य. २१ + २१ = ४२.
- चौथे, ८ माणसे: माध्यमिक कुणाचेच नाही, राहणीमानातील सातही वंचितता. २१ + ४२ = ६३.
- पाचवे, ३ वृद्ध: माध्यमिक कुणाचेच नाही, मालमत्ता नाही. २१ + ६ = २७.

उंबरठा गाठणारी घरे दोन, तिसरे आणि चौथे. घरे मोजली तर पाचातली दोन, ४० टक्के. पण मोजायची माणसे: २६ पैकी १४, म्हणजे ५३.८ टक्के. गरिबांची घरे मोठी असतात, म्हणून घरे मोजल्याने दारिद्र्य कमी दिसते. सर्वेक्षणातील घराच्या नमुना-भाराला (ते घर किती घरांचे प्रतिनिधित्व करते त्या आकड्याला) सदस्यसंख्येने गुणायला विसरू नये. ५३.८ टक्के ही व्याप्ती झाली. तीव्रता म्हणजे गरिबांवरचा सरासरी बोजा: तिसऱ्या घराचा ४२/१२६ म्हणजे एक तृतीयांश, चौथ्याचा निम्मा, माणसांच्या प्रमाणात सरासरी ४२.९ टक्के. व्याप्ती गुणिले तीव्रता, निर्देशांक ०.२३१.

आता निर्देशांक उलगडा. सांडपाण्याची वंचितता दुसऱ्या आणि चौथ्या घरात मिळून १३ जणांना, म्हणजे ५० टक्क्यांना आहे. पण गरीब घरांतल्या फक्त ८ जणांना, ३०.८ टक्क्यांना. योजनेला दोन्ही आकडे लागतात. गटार टाकणारे खाते पहिला पाहील, दारिद्र्य कमी करणारे दुसरा. निर्देशांकात शिक्षणाचा वाटा ५५.६ टक्के, राहणीमानाचा ४४.४.

प्रसिद्ध करण्याआधी तीन तपासण्या कराव्यात. उंबरठा २० टक्के ते ४० टक्के हलवून जिल्ह्यांची क्रमवारी टिकते का पाहा. भार बदलून, एका आयामाला निम्मा आणि इतरांना पाव-पाव देऊन, तेच पाहा. आणि प्रत्येक जिल्ह्याच्या आकड्याचा विश्वासांतर, म्हणजे खरा आकडा ज्या मर्यादेत असण्याची शक्यता मोठी तो पट्टा, काढा, नमुन्याची स्तर-समूह रचना (घरे एकेक न निवडता विभागवार गटांतून निवडलेली असतात) धरून. साध्या सूत्राने काढलेला विश्वासांतर फसवा अरुंद येतो. दोन जिल्ह्यांचे विश्वासांतर मोठ्या प्रमाणात एकमेकांवर येत असतील तर त्यांना क्रमांक देऊ नयेत, गट करावेत. एस्क्वाचे मोजणीसाठीचे सहाय्यक साधन निर्देशक आणि भार बदलून परिणाम दाखवते. सुरुवातीच्या चर्चेला ते पुरेसे आहे.

कमी करायला कुठून हात घालावा

त्याच पाच घरांवर दोन उपाय वेगवेगळे करून बघा. चौथ्या घराला गटार जोडले: त्याची बेरीज ५७ होते, घर गरीबच राहते, व्याप्ती हलत नाही, निर्देशांक ०.२१६ वर येतो. दुसरा उपाय, तिसऱ्या घरातील मूल शाळेत घातले: घर दारिद्र्यातून बाहेर, व्याप्ती ३०.८ टक्क्यांवर, निर्देशांक ०.१५४. तीव्रता मात्र ४२.९ वरून ५० टक्क्यांवर चढते, कारण मागे उरले ते सगळ्यांत खोल रुतलेले घर.

मंत्र्यांपुढे फक्त व्याप्ती ठेवली की सगळा पैसा उंबरठ्याजवळच्या तिसऱ्या घरांकडे धावतो. चौथे घर वर्षानुवर्षे तसेच राहते, आणि आकडे मात्र छान दिसतात. हे थांबवायचा एकच मार्ग आम्हाला ठाऊक आहे: उद्दिष्ट व्याप्तीवर न लिहिता व्याप्ती गुणिले तीव्रता या निर्देशांकावर लिहायचे, आणि निम्मा किंवा त्याहून जास्त बोजा असलेल्या लोकांची टक्केवारी वेगळी छापायची.

मग प्रत्येक निर्देशकाला एक खाते आणि एक मुदत जोडा. निर्देशकांची गती सारखी नसते. शाळाबाह्य मुले एक-दोन वर्षांत कमी होऊ शकतात. वीज, पाणी, गटार यांना तीन ते सात वर्षे लागतात. प्रौढांचे शिक्षण पिढीने बदलते. साक्षरता वर्गांचा फायदा खरा असतो, पण ‘माध्यमिक पूर्ण’ या निर्देशकात तो दिसत नाही. पाच वर्षांच्या योजनेत या शेवटच्या निर्देशकावर मोठी घट लिहून दिली तर ती हमखास हुकणार.

मोरोक्कोचा अनुभव इथे कामाचा आहे. तिथल्या नियोजन उच्चायोगाने जनगणनेवरून काढलेले आकडे: बहुआयामी गरीब २०१४ मध्ये ११.९ टक्के, २०२४ मध्ये ६.८ टक्के; ग्रामीण भागात २३.६ वरून १३.१. माणसे सुमारे ४० लाखांवरून २५ लाखांवर आली. तीव्रता मात्र ३८.१ वरून ३६.७ इतकीच सरकली. या घटीमागे दीर्घकाळ चाललेली कामे आहेत: १९९० च्या दशकाच्या मध्यात सुरू झालेले ग्रामीण वीज आणि पाणी कार्यक्रम, २००५ चा मानव विकासाचा राष्ट्रीय उपक्रम, मुले शाळेत टिकावीत म्हणून २००८ मध्ये सुरू झालेली तैसीर ही रोख मदतीची योजना. २००५ च्या उपक्रमात पहिल्या टप्प्यासाठी सर्वांत गरीब ३६० ग्रामीण कम्यून निवडल्या होत्या. नकाशावरून गावे निवडणे जलद आणि वादाला कमी वाव देणारे असते, पण निवड न झालेल्या कम्यूनमधली गरीब घरे बाहेर राहतात. म्हणून रस्ता, वीज, गटार यांसाठी नकाशा आणि रोख मदतीसाठी कुटुंबांची नोंदवही, अशी विभागणी करावी.

तैसीरच्या प्राथमिक टप्प्यात मुलामागे महिन्याला ६० ते १०० दिरहम दिले जात. यादृच्छिक पद्धतीने झालेल्या मूल्यमापनात असे दिसले की ‘हे शिक्षणासाठी आहे’ एवढे सांगून, हजेरीची अट न घालता दिलेल्या पैशाचाही शाळा टिकवण्यात जवळपास तेवढाच उपयोग झाला. हजेरी तपासायची यंत्रणा नसलेल्या दुर्गम भागात ही मोठी सोय आहे. मात्र माध्यमिक शाळा गावापासून लांब असेल तर मुलींची गळती नुसत्या पैशाने थांबत नाही; तिथे ‘दार तालिबा’ सारखी मुलींची वसतिगृहे आणि शाळेची बस लागते.

इजिप्तमध्ये २०१५ पासून तकाफुल आणि करामा या रोख मदतीच्या योजना चालतात. तकाफुलमध्ये मुलांची किमान ८० टक्के हजेरी आणि आरोग्य तपासणीची अट आहे. करामा वृद्ध आणि अपंगांसाठी आहे. पायाभूत सोयींसाठी २०१९ मध्ये ‘हयात करीमा’ हा ग्रामविकास कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच्या विस्तारित पहिल्या टप्प्यात १,४७७ गावे घेतली. अशा कार्यक्रमात बारकाईने पाहायची जागा म्हणजे शेवटचे दहा मीटर. गल्लीत नळी पडली म्हणजे घर जोडले गेले असे नव्हे: घरजोडणीचे शुल्क, अंगण खोदायचा खर्च, भाडेकरूला न मिळणारी घरमालकाची संमती यांवर गरीब घर अडते. आणि प्रक्रिया केंद्र तयार होण्याआधी जाळे पूर्ण झाले तर नळ्या कोरड्या पडून राहतात किंवा मैला कालव्यात जातो. म्हणून देयक ‘किती किलोमीटर नळी’ यावर न देता ‘किती घरे जोडली आणि वापरात आली’ यावर द्यावे, आणि जोडणी शुल्क कार्यक्रमाच्या खर्चातच धरावे.

पुढची मोजणी तीन ते पाच वर्षांनी करावी, त्याच निर्देशकांनी, त्याच महिन्यांत. मध्ये व्याख्या सुधारावीशी वाटली तर सुधारा, पण जुन्या माहितीवर नवी व्याख्या आणि नव्या माहितीवर जुनी व्याख्या लावून दोन्ही मालिका छापा. ओळख पटवणारे तपशील काढलेली मूळ माहिती आणि हिशोबाची आज्ञावली त्याच दिवशी खुली करा, म्हणजे जिल्ह्यातला सांख्यिकी अधिकारी आपल्या जिल्ह्याचा आकडा स्वतः काढून पडताळू शकेल.